ललिता पवारांची खाष्ट सासू: थपडेनं घडवली का कसबानं?

मंडईवाला, भंडारा
दिवाळीनंतर मंडईची, म्हणजे गावजत्रेची, नाटकं लागली का झाडीपट्टीतली (आपल्या पूर्व विदर्भातली) स्टेजवरची प्रत्येक खाष्ट सासू सिनेमातल्या ललिता पवारांसारखा डावा डोळा बारीक करते. अन् काहून करू नये जी? १९४२ मध्ये शूटिंगला ललिताबाईंना नट मास्टर भगवानची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला लकवा झाला, डावा डोळा कायमचा बारीक राहिला. नायिका संपली, सासू जन्मली. तो डोळा नसता तर ललिताबाई कोणाला आठवल्या असत्या?

पडद्याआड, वडसा
काहीही बाप्पा! येवल्याची ही बाई मूकपटांपासून पडद्यावर होती, १९३२ चा ‘कैलास’ तर तिनं स्वतः काढला. अन् डोळाच सगळं करत होता तर ‘श्री ४२०’ मधली केळीवाली गंगामाई एवढी मायाळू कशी? ‘अनाडी’तली मिसेस डिसा वरून करवादते, आतून पोरासाठी तुटते. डोळा तोच ना? फिल्मफेअर त्याच डिसाबाईसाठी मिळालं, सासूसाठी नाही.

मंडईवाला, भंडारा
कसब नव्हतं असं मी कुठं म्हटलं? सव्विसाव्या वर्षी मार बसला, त्यानंतर नायिकेची कामं गेली ती गेलीच. गंगामाई केली तेव्हा राज कपूरपेक्षा बाई फक्त आठ वर्षांनी मोठी होती! एवढ्या लवकर म्हातारपण दुसऱ्या कशानं आलं, सांगा.

रंगपेटी, नागभीड
भाऊ, तुमचं चालू द्या, पण स्टेजवर डोळा मिटणं थांबवा. नाटक रात्रभर चालते. पापणी थकून फडफडते, अन् एका डोळ्यानं समोरच्याचं अंतर नीट कळत नाही. त्यात सुनेला थप्पड मारायचा प्रसंग आला का खरीच बसते. हात कानावर गेला तर पडदा फाटू शकतो.

थप्पड अशी घ्या: आधी नजरेनं इशारा. दोघींपैकी एकीची पाठ प्रेक्षकांकडे, म्हणजे मधली फट झाकते. हात चेहऱ्यापासून वीतभर दुरून जाऊ द्या. सुनेनं त्याच क्षणी मान फिरवायची अन् छातीजवळ लपवून टाळी वाजवायची, आवाज तिचाच. तालमीत आधी हळू, मग वेगानं. नवीन कोणी जोशात आलं तर तो प्रसंगच काढून टाका.

डोळा पायजेच असेल तर डाव्या भुवईचं बाहेरचं टोक काजळानं खाली ओढा. मागच्या रांगेला तेही दिसत नाही म्हणा, तिला मान अन् पदर दिसतो.

मंडईवाला, भंडारा
थपडेचं पटलं. पण टीव्हीवरच्या ‘रामायण’ची मंथरा? त्या डोळ्याशिवाय उभी करून दाखवा.

पडद्याआड, वडसा
होते ना जी. मंथरेचं काम कैकेयीच्या कानाशी आहे. पहिलं वाक्य लाडाचं, दुसरं काळजीचं, मग थोडं थांबायचं. भरताचं नाव त्या थांबण्यानंतर घ्यायचं, तेही आवाज न चढवता. नवीन बाया इथंच ओरडतात, मग कैकेयी भुलली कशी हेच लोकांना पटत नाही. फक्त लटकता माइक दोघींच्या बरोबर मधात घ्या, नाहीतर कुजबुज पहिल्या रांगेतच मरते.