न्यूझीलंडला सहा जण, एकदाच: अण्णांचं वेलिंग्टन कुठे बसवू?

घोडबंदरवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही सहा जण. मी, नवरा, नववीतली मुलगी, पाचवीतला मुलगा, सासूबाई (६६, मधुमेह आहे, इन्सुलिन चालू) आणि सासरे (७१, एक गुडघा कुरकुरणारा). सासऱ्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात. राहायला ठाण्यात, मानपाड्याजवळ. चेंदणीतली जुनी खोली गेल्या वर्षी विकली. त्यातले २४ लाख अण्णांनी बाजूला काढले आणि जेवताना जाहीर केलं, "हे एफडीत घालायचे नाहीत. सगळे मिळून एकदाच लांब कुठेतरी जाऊन येऊ. पुढच्या वर्षी हा गुडघा काय म्हणेल सांगता येत नाही." आजवरची आमची झेप अष्टविनायक, केरळ आणि एकदा दुबई, एवढीच.

मग घरात मतदान. मुलगी जपान, नवरा स्वित्झर्लंड, मुलगा "जिथे स्विमिंग पूल असेल तिथे", सासूबाई "जिथे भात मिळेल तिथे". अण्णा एका शब्दात म्हणाले, न्यूझीलंड. आम्हाला वाटलं डोंगर, मेंढ्या, मोकळी हवा, बरं आहे. पैसे त्यांचे, ठरलं. यंदा ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आहे. भाऊबीज उरकली की निघायचं, १४ दिवस.

एका टूरवाल्याने १३ दिवसांचे माणशी ४ लाख ७० हजार सांगितले. ऑकलंड, रोटोरुआ, क्वीन्सटाउन, मिलफर्ड साउंड, क्राइस्टचर्च. सहा जणांचे २८ लाख होतात, म्हणजे बसतच नाही. म्हणून आपलं आपण जुळवायचं ठरवलंय.

आता खरी गोची. खोली रिकामी करताना पलंगाखालच्या ट्रंकेत अण्णांची एक वही सापडली होती. आत वर्तमानपत्रांची कात्रणं. मधल्या पानावर अजित वाडेकरांचे १४३, वेलिंग्टन, १९६८. अण्णा तेव्हा तेरा वर्षांचे. पटौदींच्या टीमने परदेशातली पहिली कसोटी मालिका जिंकली ती हीच, ३-१. (मला क्रिकेटमधलं काही कळत नाही, हे सगळं नंतर अण्णांकडून ऐकलेलं.) कात्रण भाताच्या शितांनी चिकटवलेलं, त्यामुळे झुरळांनी एक कोपरा खाल्लाय. नेमका न्यूझीलंडचा डाव गेला, आपला शाबूत आहे.

टूरवाल्याचा नकाशा दाखवला तेव्हा अण्णांनी ऑकलंडपासून खाली बोट फिरवत आणलं आणि समुद्राच्या काठाशी थांबले. "वेलिंग्टन नाही वाटतं यात?" मी नाही म्हटल्यावर लगेच, "नसू दे, नसू दे. मुलांना बर्फ बघू दे." विषय संपला. त्यानंतर त्यांनी तोंडातून चकार शब्द काढलेला नाही, आणि म्हणूनच मला चैन नाही.

नवरा म्हणतो, एका मैदानापायी दोन दिवस आणि लाखभर रुपये घालवायचे? मैदान बघायचं तर दादोजी कोंडदेवला नेतो. त्याचंही अगदीच चूक नाही. मुलांना मिलफर्ड (उंच कड्यांमधली समुद्राची खाडी, बोटीने बघतात) हवंय, सासूबाईंना फार दगदग नको.

तर वेलिंग्टन बसवता येईल का, आणि तिथे जाऊन नुसतं कुंपणाबाहेरून बघून यावं लागेल का? गाडी स्वतः चालवावी का? एवढा लांबचा विमानप्रवास वयस्कांना कसा सोसतो? आणि खाण्याचं काय नेऊ देतात?

वाशी_सेक्टर१७

ताई, आम्ही २०२३ च्या मे महिन्यात सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो. पहिली चूक तिथेच झाली. आपला मे म्हणजे त्यांचा हिवाळ्याच्या तोंडाशी आलेला काळ. पाच-सव्वापाचला अंधार, बाहेर काढलेला हात गारठायचा. तुमचा नोव्हेंबर उत्तम. दक्षिणेकडे रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो, आणि टेकापो तळ्याकाठी नोव्हेंबरच्या मध्यापासून जांभळी-गुलाबी ल्युपिनची फुलं यायला लागतात. आम्ही त्याच काठावर नुसती वाळकी खोडं बघून आलो.

इथून थेट विमान नाही. सिंगापूरपर्यंत साडेपाच तास, तिथून ऑकलंड साधारण दहा तास. सिडनीवरून स्वस्त तिकीट दिसेल, पण आपल्या पासपोर्टवर नुसतं विमान बदलायलाही ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. सहा जणांचे आणखी सहा अर्ज. नको तो उद्योग. सिंगापूरला चांगी विमानतळाच्या आतच ट्रान्झिट हॉटेलं आहेत, सहा तासांसाठी खोली मिळते. आम्ही पैसे वाचवायला घेतली नाही आणि सासरे रात्रभर खुर्चीत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांचे पाय इतके सुजले की चपलेत जाईनात. तुम्ही खोली घ्याच. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच नोंदवा. लाजायचं कारण नाही, सगळी रांग वाचते आणि सोबत दोन नातवंडंही पुढे जातात.

परतीचं तिकीट ऑकलंडहून काढू नका. उतरायचं ऑकलंडला, निघायचं क्राइस्टचर्चहून. उलटं वर येण्यात एक दिवस फुकट जातो. व्हिसा ऑनलाइन होतो, पण मराठीतल्या प्रत्येक कागदाचं इंग्रजी भाषांतर लागतं. सासूबाईंचं नाव पासपोर्टवर आणि इतर कागदांवर वेगळं नाही ना, ते आजच बघा. आमचा दीड महिना त्यातच गेला.

गाडी चालवा. आपल्यासारखीच डावी बाजू, स्टिअरिंग उजवीकडे. लायसन्स इंग्रजीत असल्यामुळे भाषांतर लागलं नाही, तरी ठाणे आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून ठेवा, गाडीवाले मागतात. एकच गोष्ट शिकावी लागते: दक्षिणेत एकेरी पूल फार आहेत. पुलाआधी पाटीवर दोन बाण असतात. तुमच्या दिशेचा बाण लाल आणि छोटा असेल तर तुम्ही थांबायचं. घोडबंदरला गाडी चालवणाऱ्याला थांबायची सवय नसते, म्हणून मुद्दाम सांगते.

मिलफर्ड एका दिवसात क्वीन्सटाउनहून करू नका, सगळे टूरवाले तेच करतात. एका बाजूला जवळजवळ २९० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन आठ तासांच्या वर नुसती गाडी. गुडघ्याचं काय होईल? वाटेत टे अनौला रात्रीचा मुक्काम करा. तिथून सकाळी निघालात की होमर बोगद्यातून पलीकडे उतरता. सव्वा किलोमीटरचा, डोंगर कापून काढलेला, आतून ओबडधोबड. पाऊस पडेल म्हणून रडू नका. तिथे वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आपल्या आंबोलीच्या तोडीचा. पाऊस असला की सरळ उभ्या कड्यांवरून शेकडो धबधबे सुटतात. आमच्या सासऱ्यांनी बोटीच्या डेकवर उभं राहून छत्री मिटली आणि म्हणाले, "हे तर माळशेज, फक्त भजीवाला नाही." मात्र बारीक काळ्या माश्या चावतात, पायात मोजे हवेत.

खाण्याचं: तिथे शिरताना द्यायच्या फॉर्मवर सगळं लिहायचं. सगळं म्हणजे सगळं. न सांगता काही सापडलं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड, सांगितलं तर फार तर काढून घेतात. मध अजिबात चालत नाही. आमची भाजणी त्या बाईने उघडून वास घेतला, "कशाचं पीठ?" विचारलं आणि जाऊ दिली. साताऱ्याचे कंदी पेढे मात्र गेले, दुधाचे म्हणून. चालायचे बूट घासूनपुसून न्या, तळाला माती दिसली तर तेही तपासतात.

वेलिंग्टनचं मला माहीत नाही. आम्ही गेलो नाही.

चेकनाक्याचा_म्हातारा

एवढा उपद्व्याप कशाला? ग्रुप टूरने जा. सकाळी पोहे, संध्याकाळी वरणभात, बस दारात. पैसे कमी पडतात तर दोन वर्षं थांबा. टूरच्या पैशांवर टीसीएस (आगाऊ कर) कापतात तो रिटर्न भरताना वळता होतो. स्वतः जाऊन आजारी पडलात तर कोण बघणार?

घोडबंदरवाली

काका, दोन वर्षं थांबायचं हाच तर प्रश्न आहे. गुडघा थांबत नाही.

वाशीताई, पाया पडते. एवढं तर टूरवाल्यानेही सांगितलं नाही. सासूबाईंचं नाव बघितलं. पासपोर्टवर शालिनी, आधारवर शालन. सुरुवात झाली.

वाशी_सेक्टर१७

आजारपणाचं काकांचं म्हणणं मात्र सोडून देऊ नका. तिथे अपघात झाला तर परदेशी पाहुण्यांच्याही उपचाराचा खर्च त्यांची सरकारी योजना उचलते, आजारपणाचा नाही. ताप आला, साखर वाढली, की खिशातून. विमा घेताना मधुमेह लपवू नका, हप्ता वाढला तरी चालेल. इन्सुलिन केबिन बॅगेत. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, तीन महिन्यांपुरतीच.

निवृत्त_नेरुळकर

उशिरा वाचतोय. माझी मुलगी वेलिंग्टनला असते. नातीच्या वेळी आम्ही दोघं तिथे सहा महिने होतो. घरातली कामं झाली की माझ्याकडे दुपारी काही नसायचं, म्हणून मी बेसिन रिझर्व्हला, म्हणजे वाडेकरांच्या त्याच मैदानावर, जाऊन बसायचो. तेव्हा तुमच्या प्रश्नाचा हा भाग मी घेतो.

कुंपणाबाहेरून बघावं लागत नाही. सामना नसेल तेव्हा फाटकं उघडी असतात. लोक कामावर जाताना मैदानाच्या कडेने आरपार चालत जातात, शाळकरी पोरं सायकली घेऊन जातात. कोणी हटकत नाही. मला पहिल्या दिवशी विश्वासच बसेना. आपल्याकडे वानखेडेच्या आत नुसतं डोकावून दाखवा.

जागा मजेशीर आहे. शहराच्या भर चौकात मैदान, चहूबाजूंनी गाड्या गोल फिरत असतात. म्हणजे आपल्या ठाण्याच्या नितीन कंपनीच्या सिग्नलच्या मधोमध कसोटीचं मैदान आहे असं समजा. पण आत गेलात की आवाज दबतो. पूर्वी तिथे पाणी आणि दलदल होती, जहाजांसाठी गोदी करायचा बेत होता. १८५५ च्या भूकंपाने जमीनच वर उचलली, गोदी राहिली आणि क्रिकेट आलं. बेसिन हे नाव तेवढं उरलंय. एका बाजूला गवताचा उतार, पांढरं लाकडी कुंपण, कडेला पोहुतुकावाची झाडं. १९२४ चा जुना स्टँड अजून उभा आहे आणि त्यात क्रिकेटचं संग्रहालय आहे. उघडायचे वार आधी बघून जा.

म्हणजे वाडेकर खेळले तेव्हा तो स्टँड तिथे होता. अण्णांना एवढंच सांगा. त्या १४३ शिवाय वाडेकरांचं कसोटीत दुसरं शतक नाही. (मॅकलमने आपल्याविरुद्ध २०१४ साली ३०२ केले तेही इथेच. ते सांगू नका.)

नोव्हेंबरमध्ये त्यांच्या प्लंकेट शील्डचे (म्हणजे त्यांची रणजी) चार दिवसांचे सामने चालू असतात. एखादा बेसिनवर असला तर सोन्याहून पिवळं. उतारावर बसा, डबा उघडा. पन्नासेक माणसं असतात, त्यातली निम्मी अण्णांच्या वयाची.

रस्ता असा जमेल: ऑकलंडहून गाडी, रोटोरुआ दोन रात्री, वाटेत टाउपोला तळ्याकाठी जेवण, संध्याकाळी वेलिंग्टन. रोटोरुआपासून साडेचारशे किलोमीटर होतात, चालवणारे दोघे असाल तर ठीक, नाहीतर टाउपोला रात्र काढा. वेलिंग्टनला दोन रात्री. गाडी तिथेच परत करा आणि विमानाने थेट क्वीन्सटाउन. कूक सामुद्रधुनीची फेरी फार सुंदर, साडेतीन तास, पण पिक्टनला उतरल्यावर क्वीन्सटाउन दोन दिवस लांब राहतं. शिवाय मधल्या पट्ट्यात बोट अशी हलते की माझ्या सौ.नी रामरक्षा दोनदा म्हटली.

मुलांना कंटाळा येईल म्हणून काळजी करू नका. 'ते पापा' संग्रहालय मैदानापासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. तिथे बरणीतला नव्हे, टाकीतला राक्षसी स्क्विड ठेवलाय, पाचवीतला मुलगा हलणार नाही. परदेशी पाहुण्यांना आता तिकीट आहे, मोठ्यांना ३५ डॉलर. नवऱ्याला मुलांबरोबर तिकडे पाठवा, अण्णांना तुम्ही मैदानावर न्या. आणि वारा! वेलिंग्टनला टोपी हाताने धरून चालावं लागतं. अण्णांना कानटोपी हवी.

घोडबंदरवाली

काका, तुमचं सगळं नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. स्टँडचं ऐकल्यावर तो काही बोलला नाही, लॅपटॉप ओढला आणि वेलिंग्टन ते क्वीन्सटाउनचं भाडं बघायला लागला. रोटोरुआची एक रात्र आणि क्वीन्सटाउनची एक रात्र कापली. केबल कारने वर जाऊन छोट्या घसरगाडीने डोंगर उतरायचं मुलीचं राहिलं, ती दोन तास रुसली आहे.

अण्णांना काल सांगितलं. अपेक्षेप्रमाणे, "कशाला गं, मुलांचे दिवस जातात." मी म्हटलं, तिकीट बघून झालंय. मग गप्प. रात्री साडेदहाला मी ओटा पुसत होते तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. हातात ती वही.

"तिकडे सूर्य उत्तरेकडून फिरतो ना?"

म्हटलं, हो, दक्षिण गोलार्ध.

"म्हणजे दुपारी त्या जुन्या स्टँडवर ऊन असेल की सावली?"

काका, आता हे तुम्हीच सांगा. मला खरंच माहीत नाही. आणि वाशीताई, सहा जणांना चौदा दिवस, भाजणी किती न्यावी?

वाशी_सेक्टर१७

दोन किलो. फॉर्मवर लिहा.

निवृत्त_नेरुळकर

मी जायचो तेव्हा स्टँडकडे बघत नसे, खेळपट्टीकडे बघत असे. मुलीला फोन करून विचारतो. तिथे आता पहाट असेल, जरा थांबा.