'दृष्टान्त', 'दर्शन', 'पारख': स्वप्न देवाकडचं आहे का, हे मराठीत कसं विचारायचं?

कोरा_कागद
ख्रिस्ती वाचकांसाठीच्या एका पुस्तिकेचं भाषांतर चालू आहे. विषय असा: पडलेलं स्वप्न किंवा जागेपणी दिसलेलं काही देवाकडून आलं, आपल्याच मनातून आलं की सैतानाकडून, हे कसं ओळखावं. मी शीर्षक दिलं 'स्वप्ने व दृष्टान्त यांची पारख'. मुद्रितशोधकांनी 'दृष्टान्त' खोडून 'दर्शने' केलं आणि शेरा मारला, "दृष्टान्त म्हणजे उदाहरण." पण बायबल सोसायटीच्या मराठी बायबलात योएल २:२८ मध्ये तरुणांना दृष्टान्तच होतात, आणि येशू गोष्टी सांगतो ते 'दाखले'. 'पारख'खाली पण लाल रेघ आहे, समासात 'विवेक?' लिहिलंय. दोन्ही जागी काय ठेवू? 'साक्षात्कार' कृपया नको. तो शब्द वापरला की निकाल लागला, मग पुस्तिका कशाला.

निबशाई
शोधक अर्धे बरोबर आहेत. महानुभावांच्या दृष्टान्तपाठात चक्रधरांचे ११४ दृष्टान्त आहेत, ते सगळे उदाहरणाच्या अर्थाने, आणि प्रत्येकामागून दार्ष्टान्तिक, म्हणजे त्या उदाहरणाने समजवायचा मुद्दा, येतं. पण गावाकडे देवी दृष्टान्त देते तेव्हा उदाहरण देत नाही, स्वप्नात येऊन विहीर कुठे खणायची ते सांगते. फरक क्रियापदात बघा. दृष्टान्त 'देणे' दोन्हीकडे चालतं: वक्त्याने दिला तर उदाहरण, देवाने दिला तर स्वप्न. दृष्टान्त 'होणे' मात्र एकाच अर्थाने चालतं. कुणालाही उदाहरण 'होत' नाही. तेव्हा 'झालेले दृष्टान्त' म्हणा, शोधकांचा आक्षेप मिटेल.

मूळव्याकरणी
मूळ अर्थच लक्षात घेतला तर वाद उरत नाही. दृष्टीचा अंत तो दृष्टान्त. डोळ्यांचं काम संपतं तिथे जे दिसतं ते. म्हणून स्वप्नाचा अर्थ आधीचा, उदाहरणाचा नंतरचा.

निबशाई
मूळव्याकरणी, ऐकायला छान आहे, पण उलटं आहे. विग्रह 'दृष्ट + अन्त'. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, दृष्टान्त सोळा पदार्थांपैकी (विचाराच्या विषयांपैकी) एक, आणि त्याची व्याख्या अशी की सामान्य माणूस आणि जाणकार परीक्षक, दोघांची बुद्धी ज्या गोष्टीवर जुळते ती. म्हणजे ज्याबद्दल वाद नाही ते! स्वप्न देवाकडचं की नाही याबद्दल तर वादच वाद. तुकोबांनीही नामदेव स्वप्नात आले ते सांगताना 'स्वप्नामाजी' म्हटलं, तिथे दृष्टान्त नाही.

पाणवठा
खरी अडचण अजून कुणी मांडली नाही. 'दृष्टान्त झाला' म्हटलं की मराठी कानाला देव कर्ता म्हणून आधीच ऐकू येतो. "हा दृष्टान्त देवाकडचा आहे का?" हा प्रश्न "ही आंघोळ पाण्याची आहे का?" इतका विचित्र वाटतो. पुस्तिकेचा उद्देशच हा की आधी दिसलं काय ते सांगा, मग ते कुणाकडून ते ठरवा. त्यासाठी शब्द निकाल न लावणारा हवा. 'दर्शन'ही नापास: दर्शन पूज्य व्यक्तीचंच होतं, सैतानाचं दर्शन झालं असं आपण फक्त खवचटपणे म्हणतो.

खडीसाखर
ख्रिस्ती मराठीत तसं नाही हो. यिर्मया २३ मध्ये खोटे संदेष्टे स्वतःच्या मनचे दृष्टान्त सांगतात. म्हणजे दृष्टान्त खोटा असू शकतो, आणि हे वाचत पिढ्या मोठ्या झाल्या. बाहेरच्या मराठीसाठी आतला शब्द का बदलायचा? त्याच अध्यायात पुढे स्वप्न पडलेल्याने स्वप्न सांगावं, वचन मिळालेल्याने वचन सांगावं, भुसाचा गव्हाशी काय संबंध, असं आहे. पाणवठ्यांना हवी ती वेगळी मांडणी तिथेच आहे.

ग्रीकमध्ये तर तीन शब्द आहेत. मत्तयात योसेफाला, मागी लोकांना (पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांना) आणि पिलाताच्या बायकोला जे होतं त्याला 'ओनार', आणि हा शब्द नव्या करारात मत्तयाबाहेर कुठेच नाही. प्रेषितांच्या कृत्यांत बहुतेक ठिकाणी 'होरामा'. याफोला घराच्या धाब्यावर पेत्राचं भान हरपतं तिथे 'एकस्टासिस'. मत्तय १:२० ला मराठीत 'स्वप्नात दर्शन देऊन' असं आहे, म्हणजे तुमच्या शोधकांनाही आधार आहे.

आडवाट
'स्वप्नद्रष्टा'चं काय झालं बघा. बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या १३व्या अध्यायातला स्वप्नं सांगणारा माणूस चिन्ह दाखवतो, ते खरंही ठरतं, तरी तो दुसऱ्या देवांकडे नेत असेल तर त्याचं ऐकायचं नाही. आज त्याला स्वप्नद्रष्टा म्हटलं तर वाचकाला वाटेल सत्कार चालू आहे. 'स्वप्न पाहणे'सुद्धा हिंदीतून येऊन महत्त्वाकांक्षेकडे गेलं. मराठीत स्वप्न *पडतं*. पुस्तिकेत 'पडलेली स्वप्ने'च ठेवा, माणसाने ते आणलेलं नाही हे त्यात आपोआप येतं.

कोरा_कागद
'पडलेली' घेतलं. 'पारख' की 'विवेक'?

खडीसाखर
पारख. १ थेस्सलनीकाकरांस ५:२१, सर्व गोष्टींची पारख करा. तिथे ग्रीक क्रियापद 'दोकिमाझो', धातू कसाला लावावा तसं. १ योहान ४:१ मध्येही तेच, मराठीत 'परीक्षा करा'. आणि पारख हा शब्द परीक्षेचाच तद्भव आहे, दोन्ही एका घरचे.

पाणवठा
पण १ करिंथ १२:१० मधलं आत्मे ओळखण्याचं कृपादान 'दोकिमाझो'चं नाही, 'दियाक्रिसिस' आहे, म्हणजे वेगवेगळं करणं. ते 'विवेक'च्या जवळ. वि + विच्, निवडणं, पाखडणं. फक्त आजच्या मराठीत विवेक म्हणजे सभ्य वागणूक किंवा बुद्धिवाद झालाय, "विवेकाने वागा" छापाचा. त्यामुळे मूळ बरोबर असूनही मी पारखच ठेवीन.

वसईची_वाट
शब्द पारख असो नाहीतर विवेक, पुस्तिकेत कृती काय दिलीय ते महत्त्वाचं. येशूसंघ स्थापणाऱ्या संत इग्नेशियस लोयोलाच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात, त्याला पोप तिसऱ्या पॉल यांची मान्यता १५४८ ची, आत्म्यांच्या पारखीचे (मनातली ओढ चांगल्याकडून की वाईटाकडून, हे ओळखण्याचे) नियम दोन संचांत आहेत: पहिल्या आठवड्याचे १४, दुसऱ्याचे ८. हे 'आठवडे' म्हणजे सात दिवस नव्हेत, साधनेचे टप्पे. भाषांतरात तिथे हमखास घोळ होतो. स्वप्नाला लागू करताना क्रम साधारण असा ठेवतात.

उठल्या उठल्या लिहायचं, आणि पानाचे दोन भाग करायचे. डावीकडे फक्त दिसलं-ऐकलं ते, उजवीकडे आपण लावलेला अर्थ. "पांढऱ्या कपड्यातला माणूस" डावीकडे, "येशू" उजवीकडे. निम्मे घोटाळे इथेच होतात, कारण दोन दिवसांनी सांगताना उजवीकडचं डावीकडे सरकलेलं असतं. खाली तारीख, ताप होता का, झोप किती, आदल्या दिवशी डोक्यात काय होतं. बायबलातल्या 'उपदेशक' पुस्तकात ५:३ ला आहेच की फार व्यापाने स्वप्नं पडतात. औषधं कोणती चालू आहेत तेही लिहायचं: प्रोप्रॅनोलॉलसारख्या काही बीटा ब्लॉकर गोळ्यांनी आणि काही नैराश्याच्या गोळ्यांनी स्वप्नं भडक होतात. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

छातीवर कुणी बसलंय, हलता येत नाही, खोलीत कुणीतरी आहे असं वाटलं, तर आधी झोपेतला लकवा धरायचा. स्वप्नाच्या झोपेत स्नायू सैल पडलेले असतात, जाग आली तरी ते काही सेकंद ते एक-दोन मिनिटं तसेच राहतात. अपुरी झोप आणि उताणं झोपणं यांनी तो वाढतो. त्यात 'सैतान' वाचणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

मग एकाच जाणत्या माणसाला सांगायचं, पापनिवेदन ऐकणारे फादर किंवा आध्यात्मिक मार्गदर्शक. दहाजणांना नाही. प्रत्येक ऐकणारा एकेक तपशील जोडतो.

आडवाट
आणि पडताळा कसला घ्यायचा? स्वप्न खरं ठरलं का, एवढाच असेल तर अनुवाद १३ मध्ये तो नापास झालाय.

वसईची_वाट
बरोबर. इग्नेशियस खरं ठरण्याकडे बघत नाही, चाल बघतो. सुरुवात, मध्य, शेवट तिन्ही चांगल्याकडे जातात का? सुरुवात भक्तीची आणि शेवट चिडचिड, अहंकार, भांडण असेल तर, त्याच्या भाषेत, सापाची शेपटी दिसली, म्हणजे सैतान ओळखू आला. स्पेनमधल्या मनरेसात १५२२-२३ मध्ये त्याला स्वतःला हवेत सापासारखं, डोळ्यांसारख्या अनेक ठिपक्यांनी चमकणारं काहीतरी दिसायचं. दिसलं की बरं वाटायचं, गेलं की वाईट. पुढे तिथल्या कार्दोनेर नदीकाठी आलेल्या आध्यात्मिक अनुभवानंतर क्रुसापुढे ते पुन्हा दिसलं तेव्हा रंग फिका वाटला आणि ते सैतानाकडचं असल्याचं त्याने ठरवलं. म्हणजे सुंदर असणं आणि दिसताना बरं वाटणं, दोन्ही खुणा कामाच्या नाहीत. मागे काय उरतं ते बघायचं. स्पेनचीच संत, आविलाची तेरेसाही देवाच्या शब्दाच्या खुणा तशाच सांगते: त्यात अधिकार असतो, म्हणजे तो सांगतो ते करूनही दाखवतो, मागे शांती राहते, आणि तो लवकर विसरला जात नाही.

खडीसाखर
कृत्ये १६ मध्ये सगळी पद्धतच सापडते. त्रोवसात रात्री पौलाला 'इकडे येऊन मदत कर' म्हणणारा मासेदोनियाचा माणूस दिसतो. दृष्टान्त एकट्या पौलाला, पण पुढच्या ओवीत देवाने बोलावलंय हे अनुमान 'आम्ही' काढलं असं आहे, ग्रीक क्रियापदाचा अर्थ तुकडे जोडून पाहणं. आणि फिलिप्पैला पोचल्यावर मासेदोनियाचा पुरुष नाही, नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बायका भेटल्या, त्यात थुवतीराची लुदिया. नंतर फटके आणि तुरुंग. तपशील जुळला नाही, त्रास झाला, तरी दृष्टान्त देवाकडचाच.

(ओवी नाही, वचन म्हणायचं होतं, कुणी पकडायच्या आत.)

कसोटी_दगड
सगळेजण गृहीत धरताय की असं अजून होतं. १६४०च्या दशकातला वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार (इंग्लंडमधल्या प्रोटेस्टंटांनी लिहिलेलं श्रद्धेचं निवेदन) पहिल्याच कलमात सांगतो की देवाने आपली इच्छा प्रकट करण्याचे पूर्वीचे मार्ग आता बंद झाले. शास्त्रलेख पूर्ण आहे. पारख कशाची करता?

पाणवठा
मग योएलचा तो उतारा पेत्र पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे पवित्र आत्मा उतरला तेव्हा, 'शेवटल्या दिवसांत' म्हणून का सांगतो? हा वाद मराठी जगात नवा नाही. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या धार्मिक जागृतीपासून तो चालू आहे.

वसईची_वाट
कॅथलिकांकडे बेन सिराच्या ३४व्या अध्यायात दोन्ही आहे: स्वप्नांवर भिस्त ठेवणं म्हणजे सावली धरणं, मात्र परात्पराने पाठवलेलं असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या प्रोटेस्टंट बायबलात तो ग्रंथ नाही, त्यामुळे तुम्हाला दाखवून उपयोग नाही!

आडवाट
गोवा-कोकणात 'कौल' हा तयार शब्द आहे, शीर्षकात 'देवाचा कौल' का नको? अरबी 'क़ौल', म्हणजे शब्द, वचन.

खडीसाखर
कौल *लावतात*. माणूस प्रश्न विचारतो आणि देवाने उजवं-डावं सांगावं लागतं. बायबलातल्या गिदोनाची लोकर तशी होती: रात्री दव लोकरीवर पडतं की जमिनीवर, यावरून त्याने देवाचं उत्तर मागितलं. पडलेलं स्वप्न नेमकं न मागता येतं. कौल लावायची सवय लागलेला माणूस झोपतानाच उत्तर मागून झोपतो, आणि मन ते देतंच.

निबशाई
शुद्धतेचा आग्रह म्हणून नव्हे, पण लॅटिन शब्द तसेच टाकू नका. १७ मे २०२४ ला व्हॅटिकनने कथित अलौकिक घटनांचे नवे नियम काढले, १९७८ च्या जागी. बिशपच्या चौकशी समितीत किमान एक ईश्वरविज्ञानाचे जाणकार, एक धर्मसंहितेचे जाणकार आणि घटनेच्या स्वरूपाप्रमाणे एक तज्ज्ञ. निष्कर्ष सहा, त्यांतला सर्वांत अनुकूल 'निहिल ऑब्स्टाट'. त्याला मराठीत आयता शब्द आहे: 'ना हरकत'.

वसईची_वाट
अगदी चपखल, कारण अर्थही तोच. ना हरकत मिळालं म्हणजे घटना अलौकिक असल्याचं प्रमाणपत्र नव्हे. बोस्नियातल्या मेजुगोर्येला, जिथे मरिया दिसल्याचं सांगतात, सप्टेंबर २०२४ मध्ये तेच मिळालं. फक्त हे नियम चारचौघांत पसरलेल्या घटनांसाठी आहेत, एखाद्याच्या घरच्या स्वप्नासाठी नाहीत. त्यातले नकारात्मक निकष मात्र घरीही वापरता येतात: पैसा, सत्ता, प्रसिद्धीची ओढ, पंथ काढण्याची वृत्ती, शिकवणीत चूक. स्वप्न वर्गणी मागत असेल तर पुढची तपासणी नको.

कोरा_कागद
सगळ्यांचे आभार, पण शीर्षक अजून रिकामं आहे. आणि आतला एक शब्द पण अडलाय. इग्नेशियस मनाच्या दोन अवस्था सांगतो, देवाकडे ओढणारी आणि त्याच्यापासून दूर नेणारी, त्या 'सांत्वन' आणि 'विषण्णता' अशा केल्यात. नियम असा आहे की विषण्णतेत आधीचा निर्णय बदलायचा नाही.

निबशाई
सांत्वन नको! सांत्वनाला लोक कुणी गेल्यावर जातात. 'प्रार्थनेत गोडी' हा आपला जुना शब्दप्रयोग आहे. गोडी आणि विरस.

वसईची_वाट
गोडी चालणार नाही. इग्नेशियसच्या व्याख्येत पापाबद्दल आलेलं रडूही याच अवस्थेत धरलंय, आणि विश्वास, आशा, प्रीती वाढणं हीच खूण. रडण्याला गोडी म्हणाल? आणि 'विरस' म्हणजे मूड जाणं. तिथे अंधार, अस्वस्थता, आळस, खालच्या गोष्टींकडे ओढ एवढं सगळं यायला हवं.

पाणवठा
'उभारी' आणि 'खच'?

निबशाई
'खच' म्हटलं की प्रेतांचा.

खडीसाखर
उभारीला माझी ना हरकत. खचला नाही.