यंत्राने कापलेल्या भाताचा पेंढा: गाडावा की शेतात वर राहू द्यावा?

प्रश्न (पेडणे)

नमस्कार. यंदा आमच्या तीन कुणग्यांतले (भाताच्या वाफ्यांतले) पावसाळी भात प्रथमच यंत्राने कापून घेतले. पूर्वी विळ्याने कापून, झोडून बांधलेला पेंढा गुरांना वर्षभर पुरत असे. आता गोठा रिकामा आहे आणि शेतात वीतभर धसकटांवर पेंढ्याच्या जाड पट्ट्या पडून आहेत. शेजारी पेटवून द्या म्हणतात, तर यवतमाळचे एक परिचित खोल नांगरट करा म्हणून आग्रह धरतात. दोन कुणग्यांत अळसांदे (चवळी) आणि पाण्याजवळच्या एकात वायंगण (पावसाळ्यानंतरचे दुसरे भात) करायचे आहे. काय करावे?

उत्तर १ (फोंडा)

माझे बालपण विदर्भात गेले, म्हणून आपल्या परिचितांचा आग्रह मला समजतो. तिथली काळी माती उन्हात भेगाळते आणि उन्हाळी नांगरटीने किडींचे कोष व तणांच्या गाठी उघड्यावर येऊन मरतात. कापसाच्या पऱ्हाटीत (वाळक्या झाडांत) गुलाबी बोंडअळी राहते, म्हणून तीही शेतातून काढावीच लागते. पंजाबात पेंढा पेटवतात, त्याचे कारण वेगळे आहे. भूजल वाचवण्यासाठी २००९ च्या कायद्याने भाताची लावणी जूनमध्ये ढकलली आणि कापणीपासून गव्हाच्या पेरणीपर्यंत जेमतेम दोन-तीन आठवडे उरले. आपल्याला तशी घाई नाही, तेव्हा पेटवू नका ही माझी कळकळीची विनंती आहे. टनभर पेंढ्यात साधारण १२ ते १७ किलो पालाश असते, आणि जाळल्यावर नत्र तर जवळजवळ सगळेच हवेत जाते.

अळसांद्यासाठी नांगरूच नका. पट्ट्या दाताळ्याने सारख्या पसरा आणि पायाखाली ओल लागते आहे तोवर धसकटांच्या ओळींमध्ये काठीने भोक पाडून बी टोका. कर्जतकडे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या बिननांगरटीच्या सगुणा भात पद्धतीतही भाताची मुळे जमिनीतच ठेवतात. ती कुजली की पाणी आणि हवा आत जायला वाटा होतात.

उत्तर २ (तिसवाडी)

वायंगणाच्या कुणग्यात मात्र पेंढा बारीक करून लावणीआधी निदान दोन-तीन आठवडे गाडावा. मी एकदा आठवड्यातच तरवा (भाताची रोपे) लावला आणि तो पिवळा पडून बसला, कारण पेंढा कुजवणारे जिवाणू मातीतले नत्र आधी स्वतःसाठी ओढतात.

आपली जमीन खाजन (खाडीकाठची खारी) असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. आमच्या कोरगुटाच्या (खार सोसणाऱ्या भाताच्या) शेतात फेब्रुवारीनंतर उघड्या ढेकळांवर मिठाची पांढरी साय धरते, पण पेंढा पडलेल्या जागी हात घातला तर माती काळसर आणि ओलसर लागते. झाकलेल्या मातीतून पाणी कमी उडते, त्यामुळे खालचा खार फारसा वर येत नाही. केरळातल्या पोक्कळी (खाऱ्या पाण्यातल्या भाताच्या) शेतात तर फक्त लोंब्या कापून उरलेले ताट पाण्यात कुजू देतात आणि पुढे तिथेच कोळंबी वाढवतात.

प्रश्नकर्ता (पेडणे)

दोघांचेही मनापासून आभार. जमीन खाजन नाही, खेर (मध्यम उंचीची) आहे. उद्या सकाळी पट्ट्या पसरायला घेतो; वायंगणाच्या कुणग्यात पेंढा गाडण्यापूर्वी शेण घालावे का, तेवढे कृपया सांगा.