मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन टेनेसी, ऑक्टोबरअखेर

अटलांटाहून गाडीने जाणार आहोत. स्मोकी माउंटन्स नक्की. तिथे प्रवेश फुकट, पण पंधरा मिनिटांपेक्षा जास्त गाडी लावायची तर पार्किंगचा टॅग घ्यावा लागतो, एवढं माहीत आहे. बाबांना कुवोही, म्हणजे पूर्वीचा क्लिंगमन्स डोम, चढायचाच आहे. ६,६४३ फूट, कळसूबाईपेक्षा उंच म्हटल्यावर ऐकतायत कुठे! पार्किंगपासून वाट अर्धाच मैल आणि पक्की, पण चांगलीच चढाची. आईचे गुडघे बघता तिला जमेल का? मध्ये टेकायला बाकं आहेत? की तिच्यासाठी केड्स कोव्हचा ११ मैलांचा फेरा गाडीतूनच बरा? अस्वल दिसलं की सगळ्या गाड्या थांबतात म्हणे, मग सकाळी किती वाजता शिरावं?

दुसरा पेच मेम्फिसचा. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली ते लॉरेन मोटेल आता संग्रहालय आहे, आणि ते मला अजिबात सोडायचं नाही. पण ते पडलं राज्याच्या पार पश्चिम टोकाला. नॅशव्हिलला मुक्काम करून पुढे जावं, की मेम्फिस वेगळंच ठेवावं?

आणि हो, गॅटलिनबर्गमध्ये पॅनकेक सोडून शाकाहारी काय मिळतं?