चौदा दिवसांची मर्यादा पुढे सरकवावी का?

सांजवात: आयव्हीएफचे तीन ट्रान्सफर झाले, म्हणजे प्रयोगशाळेत तयार झालेला गर्भ तीनदा गर्भाशयात सोडला. दर वेळी तेच, 'गर्भाची ग्रेड उत्तम, गर्भाशयाचं अस्तर नऊ मिलिमीटर', आणि दर वेळी बीटा एचसीजी, म्हणजे गर्भधारणेची रक्तचाचणी, निगेटिव्ह. का, विचारलं तर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "त्या आठवड्यात आत काय होतं ते आम्हालाही दिसत नाही." म्हणून माझं मत: प्रयोगशाळेत गर्भ चौदा दिवसांपुढे वाढवायचा नाही, हा नियम सैल करा. ब्रिटनच्या नियामक संस्थेने २०२४ मध्ये २८ दिवसांची शिफारस केलीच आहे.

खडीसाखर: वाईट वाटलं वाचून, पण विरोध. ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीने १९८४ मध्ये ही मर्यादा सुचवली तेव्हा तिथवर कुणी पोचतच नव्हतं, नियम पाळायला काही मोजावं लागत नव्हतं. २०१६ मध्ये केंब्रिज आणि न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळा तेराव्या दिवसाच्या आसपास पोचल्या, आणि आता म्हणे पुढे सरका. बांध कोरणारा भाऊबंदही असंच करतो, दर पावसाळ्यात वीतभर.

परळकर: बांध उगाच घातला नव्हता. साधारण पंधराव्या दिवशी गर्भावर एक रेष उमटते. त्याआधी एकाचे जुळे होऊ शकतात, म्हणजे माणूस एक की दोन हेच ठरलेलं नसतं.

पण सांजवात, तुमचा प्रश्न त्या रेषेच्या अलीकडचा आहे. गर्भ सहाव्या-सातव्या दिवशी चिकटायला लागतो आणि बाराव्याच्या सुमारास अस्तरात पुरता रुतलेला असतो. चौदा दिवस पुरतात! घोडं अडलंय ते अस्तरापाशी. बार्सिलोनाच्या गटाने २०२५ मध्ये गर्भ रुजताना चित्रित केला. भोवतालचे धागे स्वतःकडे ओढत तो आत घुसतो, हे दिसलं. पण ते कोलाजेनचं जेल होतं, कुणाचं गर्भाशय नव्हे.

खडीसाखर: मग खरा गर्भ हवाच कशाला? व्हिएन्नात २०२१ मध्ये मूलपेशींपासून गर्भासारखे गोळे बनवले. अस्तराच्या पेशींना हार्मोन दिले तरच ते चिकटले, एरवी नाही. याच वाटेने जा की.

परळकर: गोळा गर्भासारखा वागतो की नाही, हे ताडून बघायला खरा गर्भच लागतो ना?

सांजवात: परळकर, चौदा पुरतात हे पटलं. आमचे दोन अजून गोठवलेले आहेत. आपल्या कायद्यात दहा वर्षांची मुदत, मग नष्ट करा किंवा संशोधनाला द्या. मला आत्ताच द्यायचेत. नवरा म्हणतो, "आधी चौथा ट्रान्सफर."