वायमार प्रजासत्ताक महागाईने बुडाले का?

१९२३च्या महागाईनेच वायमार प्रजासत्ताक, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरची जर्मनीतली लोकशाही, बुडाले, असे म्हटले जाते. ते मला पटत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात रेंटेनमार्क हे नवे चलन आले, एक लाख कोटी जुन्या मार्कांना एक नवा मार्क, म्हणजे चक्क बारा शून्ये पुसली गेली आणि चलन स्थिरावले. १९२४च्या डॉज योजनेने जर्मनीने विजेत्या देशांना द्यायच्या युद्धखंडणीचे हप्ते सुसह्य झाले, अमेरिकी कर्जे आली आणि १९२८च्या निवडणुकीत नाझींना जेमतेम २.६ टक्के मते मिळाली. बचत बुडालेल्या मध्यमवर्गाचा विश्वास मात्र परतला नाही, हे मान्यच आहे.

खरी कमजोरी मला मार्च १९३० मध्ये दिसते. बेकारी विम्याची वर्गणी साडेतीन टक्क्यांवरून किती वाढवायची, एवढ्याशा प्रश्नावर चॅन्सेलर (पंतप्रधान) हेर्मान म्युलर यांचे बहुमतातले आघाडी सरकार कोसळले. कामगार संघटना आणि उद्योगपती या दोघांच्या दबावाखालचे पक्ष तडजोडीला तयार झाले नाहीत, आणि राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या भोवतालच्या मंडळींना संसदेला बाजूला सारणारे सरकार हवेच होते. पुढे नवे चॅन्सेलर ब्र्युनिंग यांनी घटनेच्या ४८व्या कलमाखाली (संसदेशिवाय राष्ट्राध्यक्षाच्या हुकुमाने कारभार करू देणारे कलम) काढलेला वटहुकूम संसदेने फेटाळला, तेव्हा संसदच विसर्जित झाली. सप्टेंबरच्या निवडणुकीत नाझींचे १२ वरून थेट १०७ सदस्य झाले. आणीबाणीसाठी ठेवलेले ते कलम त्यानंतर रोजच्या कारभाराचे साधन बनले, तेही हिटलर सत्तेवर येण्याच्या दोन वर्षांहून अधिक काळ आधी.