हीटर लावला की केबिनमध्ये गोडसर वास

प्रश्न: गाडीचा हीटर लावला की गोडसर वास येतो, काचेवर आतून तेलकट धुकं धरतं. एसी गॅस गळतोय का?

उत्तर १: नाही, हा कूलंटमधल्या (इंजिन गार ठेवणारं द्रव) ग्लायकॉल या रसायनाचा वास. डॅशबोर्डमागचा हीटर कोअर (गरम कूलंटने केबिनची हवा तापवणारा छोटा रेडिएटर) गळत असणार. मॅट उचलून कार्पेट दाबा, बोटांना चिकट ओल लागते का बघा.

उत्तर २: कार्पेट कोरडं असलं तरी इंजिन पूर्ण गार असताना कूलंटच्या कॅपच्या जागी प्रेशर टेस्टर (हातपंप आणि दाबाचा काटा असलेलं साधन) लावा, दाब कॅपवर लिहिलाय तेवढाच. काटा उतरला आणि बाहेर कुठे ओल नसेल, तर बहुतेक कोअरच. लीक-स्टॉप (गळती बुजवायला कूलंटमध्ये टाकतात ते द्रव्य) कृपया टाकू नका, कोअरच्या बारीक नळ्या तुंबतात.

उत्तर ३: आधी कोअरला जोडलेल्या होजचे (रबरी नळ्यांचे) क्लॅम्प तपासा, स्वस्तात सुटेल. कोअर बदललात तर नवं कूलंट भरून, हीटर फुल गरमवर ठेवून कूलंटमध्ये अडकलेली हवा काढा.